केळीच्या ट्रकातून काय काय जातं? खान्देशातल्या मुलांना शिकवायचा पर्यावरणाचा हिशेब

५ जूनला खान्देशात लावलेलं रोप सहसा जगत नाही. मृगाचा पाऊस अजून आलेला नसतो, जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो, काळ्या जमिनीला बोटं जातील एवढ्या भेगा असतात, आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे पाणी घालायलाही कोणी नसतं. तरी दरवर्षी त्याच दिवशी खड्डे खणले जातात, फोटो निघतात. आपल्याकडच्या पर्यावरण शिक्षणात कुठे गोम आहे हे यावरून कळतं. तारीख दिनदर्शिकेतून घेतली, पावसाला आणि मातीला कोणी विचारलंच नाही. हेच रोप जुलैत, दोन चांगले पाऊस होऊन ओल फूटभर खाली गेल्यावर लावलं तर जगण्याची शक्यता कितीतरी वाढते.

अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय आहे, खालच्या वर्गांत परिसर अभ्यास आहे. अन्नसाखळी, जलचक्र, नत्रचक्र हे सगळं मुलांना आकृतीसकट पाठ असतं. पण आपल्या गावच्या विहिरीतलं पाणी कोणत्या डोंगरावरून आलं, हे विचारलं की वर्ग गप्प. माझ्या मते परिसंस्था कळली असं तेव्हाच म्हणावं, जेव्हा मुलाला समोरची एखादी वस्तू कुठून आली, किती आली, इथून कुठे जाणार आणि कशामुळे अडणार, हे आकड्यांनिशी सांगता येईल. बाकी घोषवाक्यं आणि भित्तिपत्रकं नंतर.

सुरुवात पाण्यापासून करावी, कारण त्याचा हिशेब सगळ्यात सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं एक सूत्र आलं की पुढचं सगळं गुणाकाराने निघतं. शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर, पाऊस ७०० मिमी, उडून-सांडून जाणारं वजा करून ८० टक्के हाती आलं असं धरलं, तर वर्षाला १ लाख १२ हजार लिटर. आता ३०० मुलांची शाळा, दर मुलामागे दिवसाला १० लिटर, वर्षाचे २२० दिवस: ६ लाख ६० हजार लिटर. म्हणजे छपरावरचं सगळं पाणी साठवलं तरी गरजेच्या सहाव्या हिश्श्याएवढंच. ‘छतावरचं पाणी साठवा, टंचाई मिटवा’ हे वाक्य मग मुलं जरा जपून लिहितात.

पुढचा गुणाकार केळीचा. आपल्या उन्हात केळीला वर्षाकाठी साधारण १८०० ते २००० मिमी पाणी लागतं. पडतं ७००. पावसाचा थेंबन् थेंब झाडाला मिळाला असं मानलं (तसं होत नाही), तरी किमान ११०० मिमी जमिनीतून उपसावं लागतं. एका एकराचं हे पाणी होतं सुमारे ४४ लाख लिटर. वर सांगितलेल्या शाळेला ते साडेसहा वर्षं पुरलं असतं. हा आकडा काढताना एक पथ्य पाळायचं: शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांची फी त्याच केळीवर भरलेली असते. आकडा समजून घेण्यासाठी आहे.

इथे हुशार मुलगा ठिबकचं नाव काढतो, आणि ती चर्चा होऊ द्यावी. ठिबकने पाटातली झिरप आणि उघड्या जमिनीवरून उडणारी वाफ वाचते. झाडाच्या पानातून हवेत जाणारं पाणी वाचत नाही, ते झाडाचं जगणंच आहे. शिवाय वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली तर विहिरीच्या दृष्टीने काहीच वाचलं नाही. पाटातून झिरपलेलं पाणी निदान काही प्रमाणात खाली भूजलात तरी जात होतं. साधन बदललं की हिशेब कुठल्या सीमेपर्यंत मांडायचा, झाडापर्यंत, शेतापर्यंत की अख्ख्या पाणलोटापर्यंत, हे ठरवावं लागतं. उत्तर त्या सीमेप्रमाणे बदलतं. माझ्या दृष्टीने शिकवण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि पुस्तकात तिला एक ओळही नसते.

मग प्रश्न येतो, हे पाणी जमिनीत साठतं कुठे? तापीच्या उत्तरेला, चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात, सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांनी पायथ्याशी गोटे आणि जाड वाळू टाकून ठेवली आहे. याला बझाडा पट्टा म्हणतात. नाला तिथे आला की पाणी भराभर जिरतं, आणि खाली तापीच्या खोल गाळात साठतं. दक्षिणेला चाळीसगाव, साक्रीकडे चित्र वेगळं. तिथे खाली बसाल्ट. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणजे कोठी लहान. ती एका चांगल्या पावसाळ्यात भरते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आटते. यावलची कोठी मोठी, म्हणून अनेक वर्षं उपसा चालला तरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा पातळी इतकी खाली गेलेली असते की एका पावसाने भरून येत नाही. धुळे-नंदुरबारकडे आणखी एक गंमत आहे: जमिनीत उभ्या घुसलेल्या कठीण दगडाच्या भिंती, भूशास्त्रात ज्यांना डाइक म्हणतात. भिंत अभेद्य असेल तर एका अंगाच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची कोरडी, अशी अवस्था होते. दोन भावांच्या शेतातला हा फरक बऱ्याच घरांत नशिबाच्या खात्यावर मांडला जातो.

यासाठी वर्गाने एक विहीर धरावी आणि वर्षभर मोजावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. शाळेने दरमहा घेतली तर उत्तम. दोरीला वजन बांधा, दर मीटरला गाठ मारा, कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि कायम त्याच खुणेपासून मोजा. सकाळी, मोटार चालू होण्याआधी. आकडे बिघडतात ते बहुधा दोन कारणांनी: खूण न केल्यामुळे दर वेळी वेगळ्या जागेवरून मोजणं, आणि मोटार नुकतीच बंद झालेली असताना मोजणं. मोटारीने खाली गेलेली पातळी पूर्ववत व्हायला काही तास लागतात. सुताच्या दोरीपेक्षा नायलॉनची बरी. सूत भिजलं की लांबी बदलते. विहिरीवर मोठं माणूस सोबत असल्याशिवाय हे करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

जोडीला माती किती वेगाने पाणी पिते तेही मोजता येतं. १५ सेंमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा अर्धा फूट तुकडा घ्या, लाकडी फळी आडवी ठेवून तो ५ सेंमी आत ठोका. आत प्लॅस्टिकचा कागद पसरून ४४० मिली पाणी ओता; एवढ्या व्यासात ते अडीच सेंमी उभं राहतं. कागद अलगद काढा आणि घड्याळ लावा. पहिल्यांदा ओतलेलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, म्हणून ती वेळ सोडून द्यायची. दुसऱ्यांदा तेवढंच पाणी ओतून लागलेली वेळ लिहायची. मुरमाड जमिनीत काही मिनिटं, ओल्या काळ्या जमिनीत तास उलटतो. पण हाच प्रयोग मे महिन्यात केला तर पाणी सरळ भेगेत उतरतं आणि मुलं लिहितात, ‘काळी माती सर्वांत जलद पाणी शोषते.’ आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, वाफसा असताना, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी करावा.

आता तो ट्रक. सावदा-रावेरहून केळी रेल्वेने आणि ट्रकने उत्तरेत दिल्लीकडे जातात. केळीच्या १०० ग्रॅम गरात साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, सालीतही असतंच. दहा टनांच्या एका ट्रकात तीसेक किलो पोटॅशियम तरी जातं. ते आलं कुठून? शेतात पोत्यातून टाकलेल्या पोटॅशमधून आणि आपल्या काळ्या मातीतून. आपल्या देशात वापरलं जाणारं पोटॅश जवळपास सगळं आयात होतं, कॅनडा, रशिया, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून. म्हणजे परदेशातल्या खाणीतला क्षार रावेरच्या शेतात आला, घडात चढला, दिल्लीत खाल्ला गेला आणि तिथल्या गटारात किंवा कचऱ्याच्या ढिगात गेला. परत आला नाही. पुस्तकातल्या चक्राच्या आकृतीत बाण गोल फिरतो. इथे तो सरळ जातो. मुलांना ही तुटलेली कडी दाखवा, चक्र म्हणजे काय ते आपोआप कळतं. शेतात उरतं ते खोड, आणि झाडाने उचललेल्या पोटॅशचा मोठा वाटा त्या खोडातच असतो. ते बांधावर फेकलं की बांध श्रीमंत आणि शेत गरीब. तुकडे करून त्याच सरीत टाकलं तर निदान तेवढं तरी घरात राहतं. पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कापसाची वाळकी झाडं) जाळण्याचा हिशेबही असाच मांडून घ्यावा: राखेत पोटॅश उरतं, नत्र आणि कार्बन धुरातून जातात.

युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. पिकाला मिळतं त्यातलं निम्मं किंवा त्याहून कमी. आपली काळी माती विम्लधर्मी. तिच्यावर उन्हात वरच्या वर युरिया फेकला तर नत्राचा बराच भाग अमोनिया होऊन उडतो. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे पैसाच. जास्त पाणी दिलं तर नायट्रेट होऊन खाली विहिरीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. चाचणीची पट्टी बुडवून पाहता येतं. यात हमखास होणारी चूक म्हणजे ‘पाणी उकळून घ्या’ हा सल्ला. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट तसंच राहतं आणि पाणी आटल्यामुळे उलट थोडं दाटच होतं. हवेतलं नत्र धरणाऱ्या तुरीच्या मुळावरच्या गाठी मात्र नखाने फोडून दाखवा. आत गुलाबी दिसली तर गाठ काम करते आहे. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं. पेरणीनंतर दीड महिन्याच्या सुमारास पाहायचं. मुळं ओढली तर गाठी जमिनीतच तुटून राहतात, म्हणून खुरप्याने गड्ड्यासकट काढायचं.

ऊर्जेबद्दल फार लांबण लावायची गरज नाही. एका पायरीवरची सुमारे दहावा हिस्सा ऊर्जा वरच्या पायरीवर जाते, बाकी जगण्यात आणि उष्णतेत खर्च होते. दहा टक्के हा ढोबळ आकडा आहे, नियम नव्हे. परीक्षेत तो नियम म्हणून विचारला जातो, ते दुर्दैव. द्रव्य फिरतं, ऊर्जा फिरत नाही, एवढं पक्कं झालं की पुरे.

गुलाबी बोंडअळीवर मात्र हवे तेवढे तास द्यावेत. खान्देशात कापूस घरोघरी आहे, आणि एका अळीत परिसंस्थाशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम सामावलेला आहे.

भारतात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून बाहेरचं जनुक घातलेल्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने मोठं नुकसान केलं. मधे काय घडलं? बीटीचं विष पोटात जाऊनही जगणाऱ्या अळ्या सुरुवातीला अगदी थोड्या होत्या. बाकीच्या मेल्या, याच उरल्या, आणि पुढची पिढी यांची. अळी ‘शिकली’ किंवा तिला ‘सवय झाली’ असं आपण बोलतो. वर्गात ते खोडून काढायला हवं. एकेक अळी बदलली नाही. कोण मेलं आणि कोण उरलं, यामुळे पिढी बदलली.

हे लांबवण्यासाठीच ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं दिलं जायचं. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल तेवढं लावायचं. त्या झाडांवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात, आणि मिश्र संततीतल्या बहुतेक अळ्या बीटीवर मरतात. म्हणजे थोडी कीड मुद्दाम पोसायची. बहुतेक ठिकाणी ते छोटं पाकीट पेरलंच गेलं नाही. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं: नुकसान त्याच्या पाच ओळींचं, फायदा सगळ्या शिवाराचा. सामाईक गोष्टी का बिघडतात, हा धडा याहून चांगला कुठे मिळणार?

अमेरिकन बोंडअळीच्या बाबतीत तसा फटका का बसला नाही? ती तूर, हरभरा, टोमॅटो असं बरंच काही खाते, त्यामुळे बीटी नसलेल्या पिकांवर साध्या अळ्या आपोआप शिल्लक राहतात. गुलाबी अळी जवळपास कापसावरच जगते. म्हणून फरदड तिच्यासाठी सगळ्यात मोठी मेजवानी. डिसेंबरनंतर पाणी देऊन कापूस उभा ठेवला की तिला खायला मिळतं, आणि हंगाम संपता संपता ती सरकीत किंवा वाळलेल्या बोंडात सुप्तावस्थेत जाते. बांधावर रचलेली पऱ्हाटी आणि जिनिंगच्या आवारातली सरकी या तिच्या पुढच्या वर्षाच्या ठेवी.

मुलांना करायला काम: शेतकऱ्याला विचारून एका शेतातून वेगवेगळ्या ठिकाणची २० हिरवी बोंडं तोडा आणि फोडा. दोन बोंडांत जिवंत अळी सापडली तर १० टक्के, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी आली. बाहेरून निरोगी दिसणारं बोंड फोडल्याशिवाय कळत नाही, कारण अळी लहान असतानाच आत शिरते आणि छिद्र बुजून जातं. फुलं असतील तर डोमकळ्या मोजा, पाकळ्या न उमलता चिकटलेल्या. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावायचे तर हेक्टरी पाच, पिकाच्या उंचीच्या थोडे वर, आणि वासाची गोळी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायची. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले तर सावध व्हायचं. सापळ्यात फक्त नर येतात. ‘सापळे लावले, आता कीड संपली’ हा गैरसमज इथून होतो. अमेरिकन अळीची गोळी हाताळून त्याच हाताने गुलाबीची लावली की वास मिसळतो आणि मोजणी फसते.

केळीत दुसराच धोका. ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) ग्रँड नैन या वाणाची बाग म्हणजे एकाच झाडाच्या हजारो प्रती. मावा किडीने हरण्या रोगाचा विषाणू आणला की कुठलंच झाड दुसऱ्यापेक्षा काटक नसतं. त्या विषाणूचं मूळ नावच काकडीवरून पडलं आहे. मग केळीत आंतरपीक म्हणून काकडी-कलिंगड घेऊ नये असं का सांगतात, ते मुलांना स्वतः ओळखता येतं.

सातपुड्याकडे वळलं की झाडं मोजण्याचा मोह आवरावा लागतो. एप्रिलमध्ये यावलच्या अभयारण्यात गेलेलं मूल म्हणतं, जंगल मेलं. सलई, पळस, साग यांनी पानं टाकलेली असतात ती पाणी राखण्यासाठी. शुष्क पानगळीचं जंगल म्हणजे बिघडलेलं सदाहरित जंगल नव्हे. खरा त्रास वेगळा आहे: मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, आग पसरते आणि रोपं जळतात. मोठी झाडं टिकतात, म्हणून पुढच्या पिढीचा अभाव वीस वर्षं डोळ्यांना दिसत नाही. झाडून जाळी किंवा कापड अंथरलं तर फुलंही स्वच्छ मिळतात. वर्गाने जंगलात जाऊन मोठ्या झाडांबरोबर गुडघ्याएवढी आणि कमरेएवढी रोपं वेगवेगळी मोजावीत. अंजनाची शंभर झाडं आणि रोपं शून्य, असा आकडा आला तर ते जंगल म्हातारं आहे.

रान पिंगळा हे छोटं घुबड आपल्याच मातीतलं उदाहरण. १८८४ नंतर त्याची विश्वासार्ह नोंद नव्हती. नामशेष झाला असंच धरलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात दिसला. एकशे तेरा वर्षं तो इथेच होता. बऱ्याच घुबडांच्या उलट हा दिवसाही शिकार करतो, त्याला विरळ, कोरडं सागाचं जंगल लागतं आणि घरट्याला जुन्या झाडाची ढोली. ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. दहा हजार रोपं लावून या पिंगळ्याला पुढची कित्येक वर्षं एकही घर मिळत नाही.

माळरानाचंही तेच. धुळे-साक्रीच्या उघड्या माळावर ठेलारी मेंढपाळ मेंढ्या चारतात, चंडोल आणि धाविक तिथेच जमिनीवर अंडी घालतात. तो माळ ‘पडीक’ म्हणून त्यात खड्डे खणणं हे पुण्यकर्म नाही. माळ ओळखायचा तर सुतळी आणि चार खुंट्या घेऊन एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, गवताला फुलोरा असताना. मे महिन्यात केलं तर हाती शून्य येतं. चौकोन कुठे टाकायचा हे मुलांवर सोडू नका. हात आपोआप फुलांकडे जातो. चिठ्ठ्यांवर पावलांचे आकडे लिहा, इतकी पूर्वेला, इतकी उत्तरेला, आणि चिठ्ठी निघेल तिथे बसा. असे दहा चौकोन चराईच्या जागेत, दहा कुंपणाच्या आत. नाव माहीत नसेल तर ‘अ’, ‘ब’ म्हणा आणि नमुना वर्तमानपत्रात दाबून वहीत चिकटवा. मारवेल हे चाऱ्याचं गवत कमी आणि कुसळी जास्त दिसू लागली तर चराई जास्त होते आहे का, हे तपासायला हवं. पण एका वर्षाच्या वहीवरून तसं ठरवू नका. पाऊस कमी झाला तरी असंच दिसू शकतं. कुंपणाच्या आतलं आणि बाहेरचं गवत एकाच पावसात वाढलेलं असतं, म्हणून तुलना त्या दोघांची करायची.

गुण देताना आकडा ‘बरोबर’ आला का हे पाहू नये. विहिरीची पातळी जुलैत वर येण्याऐवजी खाली गेली असं कोणी लिहिलं, तर आधी विचारावं: त्या दिवशी मोटार किती वाजता बंद झाली होती? ते वहीत लिहिलेलं असेल तर पूर्ण गुण. आणि वही दहावीच्या मुलांबरोबर घरी जाऊ देऊ नये. ती वर्गातच ठेवावी, पहिल्या पानावर कठड्यावरची खूण कोणत्या बाजूला आहे त्याच्या चित्रासकट. पुढच्या जूनमध्ये नववीतून वर आलेली मुलं तिथूनच दोरी सोडतील.